फरकांतील फरक



पिंपळे गुरव, नवी सांगवी, पिंपळे सौदागर ह्या पवनेकांठच्या वस्त्यांतून फेरफटका केला, तर विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि सोसायट्यांच्या फाटकांशेजारीं एका ठराविक तऱ्हेच्या जाहिराती दृष्टीस पडतात. कोणी तीन महिन्यांत मुलाची स्मरणशक्ति दुप्पट करून देतो, कोणी गणिताची भीति समूळ घालवितो, कोणी निजलेल्या मेंदूला जाग आणतो. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत पाळ्या करणारे आईबाप पोटाला चिमटा घेऊन ह्या वर्गांची फी भरतात. जाहिरातींत पुरावाहि दिलेला असतो. अमक्या विद्यार्थ्यास वर्गांत येण्यापूर्वीं शंभरांपैकीं ४५ गुण पडत होते, आतां ७० पडतात. भाजी घेतांना चार गाड्यांवर भाव विचारणारे आपण, ह्या दोन आंकड्यांपुढें मात्र निमूटपणें मान डोलावितों.

ह्या दोन आंकड्यांवरून खरोखर काय सिद्ध होतें, आणि जें सिद्ध होत नाहीं तें होण्यास आणखी कोणते आंकडे हवेत, ह्याचा शास्त्रशुद्ध विचार मानसशास्त्रज्ञांनीं करून ठेवला आहे. त्यासाठीं त्यांच्या हातीं जें एक साधन आहे, त्यास इंग्रजींत 'मिक्स्ड डिझाइन ॲनोव्हा' असें म्हणतात. मराठींत त्याला 'संमिश्र रचनेचें प्रचरण-विश्लेषण' म्हणतां येईल. प्रचरण म्हणजे आंकड्यांचा आपल्या सरासरीभोंवतालचा चढउतार, आणि विश्लेषण म्हणजे त्या चढउताराची कारणवार वांटणी. नांव जड आहे, परंतु आंतला हिशेब बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार ह्यांपलीकडे फारसा जात नाहीं. तोच आज आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम 'पूर्वीं आणि नंतर' ह्या पुराव्याकडे पाहूं. ४५ चे ७० गुण होण्याचीं कारणें अनेक असूं शकतात. तीन महिन्यांत मूल तीन महिन्यांनीं मोठें झालें, आणि त्या काळांत तें शाळेंतहि कांहीं शिकलें. शिवाय तसलीच परीक्षा दुसऱ्यांदा दिली म्हणजे केवळ सरावानें चार गुण अधिक पडतात. तिसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. असल्या वर्गांत मुलाला बहुधा केव्हां घालतात? एखाद्या परीक्षेंत त्याला फारच कमी गुण पडले म्हणजे. त्या दिवशीं त्याच्या अंगांत ताप असेल, रात्रीं झोंप झाली नसेल, नेमका न वाचलेला धडाच विचारला असेल. पुढच्या परीक्षेस हीं सारीं विघ्नें पुन्हां एकत्र येत नाहींत, आणि कांहींहि उपाय न करतां गुण आपोआप मुलाच्या नेहमींच्या सरासरीकडे सरकतात. ताप उतरणीला लागल्यावर गंडा बांधावा आणि दुसऱ्या दिवशीं श्रेय गंड्याला मिळावें, त्यांतलाच हा प्रकार.

हें मी केवळ तर्कानें सांगत नाहीं. गोव्यांतील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त २०१७ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ४९५ रुग्णांचे यदृच्छेनें दोन भाग केले होते. एका भागास नेहमींच्या वैद्यकीय सेवेच्या जोडीला समुपदेशन मिळालें. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर शिकवून तयार केलेलीं सामान्य माणसें होतीं. तीन महिन्यांनीं पाहिलें तेव्हां समुपदेशन मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४ जणांचें नैराश्य निवळलें होतें. परंतु ज्यांना समुपदेशन मिळालें नव्हतें, त्यांच्यापैकींहि शेंकडा ३९ जणांचें निवळलें होतें. दुसरा गट नसता, तर समुपदेशनानें शंभरांत ६४ बरे केले अशी दवंडी पिटली गेली असती. खरें श्रेय ६४ आणि ३९ ह्यांतील अंतराचें, म्हणजे २५ चें. तेंहि कांहीं थोडें नव्हे; पण तें ६४ नव्हे.

म्हणजे तुलनेला दुसरा गट पाहिजे, हें ठरलें. मग एका गटास उपाय द्यावा, दुसऱ्यास देऊं नये, आणि शेवटीं दोघांची एकदां परीक्षा घेऊन मोकळें व्हावें, एवढ्यानें काम भागणार नाहीं काय? मोठ्या संख्येंत भागतें. लहान संख्येंत मात्र अडचण येते. मुलामुलांत मुळांतच इतकें अंतर असतें कीं, त्या गलबल्यांत उपायाचा बारीक आवाज ऐकूं येत नाहीं. एका गटांत एखादा रामशास्त्री येऊन बसला कीं सरासरी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर वर चढते.

संमिश्र रचनेंत ह्या दोन्ही युक्त्या एकत्र आणलेल्या असतात. तींत दोन जातींचे घटक असतात. एक घटक माणसामाणसांत वेगळा असतो. कोणी उपायाच्या गटांत, कोणी तुलनेच्या गटांत. एकच मूल दोन्ही गटांत नसतें. दुसरा घटक एकाच माणसाच्या अंगावर बदलतो. तेंच मूल आरंभीं तपासलें, नंतर तपासलें, आणि वाटल्यास सहा महिन्यांनीं पुन्हां तपासलें. पहिल्या घटकांत एकाची दुसऱ्याशीं तुलना होते, तर दुसऱ्यांत प्रत्येकाची स्वतःशींच होते. दोन्ही जाती एका प्रयोगांत मिसळल्या म्हणून रचना संमिश्र.

मौज अशी कीं, ही कल्पना वर्गांत किंवा दवाखान्यांत निघालेली नसून शेतांत निघाली आहे. लंडनच्या उत्तरेस रोथॅमस्टेड येथें जुनी शेतकी प्रयोगशाळा आहे. १९१९ सालीं रोनाल्ड फिशर हे तेथें दाखल झाले आणि १९२५ सालीं त्यांनीं संशोधकांसाठीं संख्याशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यानें प्रचरण-विश्लेषण जगभर पसरलें. शेतांत अडचण अशी होती. खोल नांगरट चांगली कीं उथळ, हें पाहावयाचें तर मोठा तुकडा लागतो, कारण औत लहानशा वाफ्यांत वळत नाहीं. खत किती घालावें, हें मात्र लहान वाफ्यांतहि पाहतां येतें. म्हणून मोठ्या तुकड्यांवर नांगरट बदलावयाची आणि प्रत्येक तुकड्याचे वाफे पाडून त्यांत खत बदलावयाचें. एका तुकड्यांतले वाफे म्हणजे एका घरचीं भावंडें. माती एक, ओल एक, ऊन एक. त्यांची आपसांतील तुलना बारीक काट्यानें होते. निरनिराळ्या तुकड्यांची तुलना करावयाची तर मात्र मातीमातीचें अंतर आड येतें आणि काटा ढोबळ होतो. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्या आपल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं शेतकी संशोधकांसाठीं लिहिलेला ग्रंथ १९५४ सालीं निघाला. भारतांतील कृषि महाविद्यालयांत ह्या विद्येचे धडे पुष्कळांनीं त्यावरूनच गिरविले.

मानसशास्त्रांत तुकड्याच्या जागीं माणूस आला, आणि वाफ्याच्या जागीं त्याच माणसाची एकेक परीक्षा आली. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे लिंडक्विस्ट ह्यांनीं १९५३ सालीं मानसशास्त्र व शिक्षण ह्यांतील प्रयोगरचनेवर ग्रंथ लिहिला आणि त्यांत ह्या संमिश्र रचनांचे प्रकार पाडून दाखविले. उत्तरपत्रिका तपासणारें यंत्र सिद्ध करणारे लिंडक्विस्ट ते हेच.

आतां एक छोटा हिशेब करूं. पुढील आंकडे उदाहरणासाठीं मीं योजिलेले आहेत. ज्यांच्या हातीं पेन्सिल असेल त्यांनीं ते पडताळून पाहावे. आठ मुलें घेऊं आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे चार-चारांचे दोन गट पाडूं. वीस कठीण शब्द शुद्ध लिहावयाचे आहेत. पहिला गट रोज पुस्तक मिटून ते शब्द आठवून लिहितो. दुसरा गट तितकाच वेळ ते शब्द पुस्तकांत पाहून पुन्हां पुन्हां वाचतो. पहिल्या गटाचे आरंभींचे गुण ४, ७, १०, ११. महिन्यानंतर त्याच क्रमानें १०, १२, १७, १७. दुसऱ्या गटाचे आरंभींचे गुण ५, ६, ९, १२. महिन्यानंतर ८, ८, १३, १५. आरंभीं दोन्ही गटांची सरासरी ८ होती. नंतर पहिल्याची १४ झाली, दुसऱ्याची ११.

केवळ शेवटच्या परीक्षेकडे पाहिलें, तर दोन सरासऱ्यांत ३ गुणांचें अंतर आहे. पण पहिल्या गटांत मुलें १० पासून १७ पर्यंत विखुरलीं आहेत, दुसऱ्यांत ८ पासून १५ पर्यंत. हा पसारा लक्षांत घेतां ३ गुणांचें अंतर चिठ्ठ्यांच्या लहरीनेंहि पडूं शकेल. संख्याशास्त्राच्या रीतीनें येथें जो निर्णायक आंकडा निघतो, त्याला फिशर ह्यांच्या आद्याक्षरावरून 'एफ्' म्हणतात. संशयिताच्या वाट्याच्या चढउतारास निव्वळ योगायोगाच्या चढउतारानें भागलें म्हणजे एफ् निघतो. येथें तो १.४२ येतो. आठ मुलांच्या दोन गटांत तो निदान ५.९९ भरावा, असा शंभरांत पांच चुका सोसणारा प्रघात आहे. म्हणजे निकाल असा : आठवून लिहिण्याचा उपयोग सिद्ध होत नाहीं.

आतां आरंभींचे गुणहि हिशेबांत घेऊं. पहिल्या गटांतील मुलांची वाढ ६, ५, ७, ६. दुसऱ्यांतील ३, २, ४, ३. पहिल्या गटांतील सर्वांत कमी वाढ दुसऱ्या गटांतील सर्वांत मोठ्या वाढीहूनहि अधिक आहे! जो फरक आतांच धुक्यांत दिसेनासा झाला होता, तो लख्ख दिसूं लागला.

हीच गोष्ट घरखर्चाच्या वहीप्रमाणें मांडूं. सोळाहि गुणांची सरासरी १०.२५ येते. प्रत्येक गुण ह्या सरासरीपासून किती दूर आहे तें काढून त्याचा वर्ग केला आणि साऱ्या वर्गांची बेरीज केली, तर ती २३५ भरते. हा झाला एकूण चढउतार, म्हणजे महिन्याचा एकूण खर्च. आतां तो कोणाकोणाच्या नांवावर पडला तें पाहूं. गटागटांच्या अंतरामुळें ९. एकाच गटांतील मुलामुलांच्या अंतरामुळें १३४. महिनाभराच्या काळामुळें, म्हणजे सर्वांचीच प्रगति झाल्यामुळें, ८१. एका गटाची प्रगति दुसऱ्याहून अधिक झाल्यामुळें ९. आणि कोणाच्याच नांवावर न घालतां येणारा किरकोळ खर्च २. बेरीज २३५. पैपैचा हिशेब लागला.

निम्म्याहून अधिक खर्च मुलामुलांच्या मूळ अंतराचा आहे, हें पाहण्यासारखें आहे. नुसत्या शेवटच्या परीक्षेंत हेंच अंतर आपल्या डोळ्यांत धूळ फेंकीत होतें. आतां ह्या १३४ चा आणि त्या किरकोळ २ चा प्रत्येकीं एक मापदंड बनतो. चार मुलांच्या गटांत सरासरी ठरली म्हणजे तीन मुलें मोकळीं राहतात आणि चौथें बांधलें जातें. दोन गटांत मिळून सहा मोकळीं. म्हणून दोन्ही रकमांस सहानें भागावयाचें. १३४ ला भागून २२.३३ आले, हा माणसामाणसांतील तुलनेचा ढोबळ काटा. २ ला भागून ०.३३ आले, हा एकाच माणसांतील तुलनेचा बारीक काटा. पहिला लांकडाच्या वखारींतला, दुसरा सराफाच्या दुकानांतला.

आणि आतां ह्या विद्येचें मर्म पाहा. वहींत '९' हा आंकडा दोनदां आला आहे. गटांच्या अंतराचे ९ ढोबळ काट्यावर तोलले म्हणजे एफ् ०.४० येतो, अगदींच नगण्य. प्रगतींतील अंतराचे ९ बारीक काट्यावर तोलले म्हणजे एफ् २७ येतो, निःसंशय. रक्कम तीच, काटा निराळा, निकाल निराळा. कोणती तुलना कोणत्या काट्यावर तोलावी हें ज्याला कळलें, त्याला संमिश्र रचना कळली. जो दोहोंस एकच काटा लावतो, तो एकतर खरें असलेलें नाहीं म्हणतो, किंवा नसलेलें आहे म्हणतो.

निकालाचीं तीन उत्तरें मिळालीं, आणि तीं तीन निरनिराळ्या प्रश्नांचीं आहेत. 'दोन गटांत एकंदरींत अंतर आहे काय?' हा पहिला प्रश्न. ह्यांत उपायापूर्वींचे गुणहि मिसळलेले असल्यामुळें आपल्या कामाचें उत्तर त्यांतून निघत नाहीं. 'काळ गेल्यावर सर्वांची प्रगति झाली काय?' हा दुसरा. आपल्या उदाहरणांत त्याचा एफ् २४३ इतका प्रचंड आहे. पण 'पूर्वीं ४५, आतां ७०' म्हणणारा जाहिरातदार दाखवितो तो हाच आंकडा, आणि उपायाविषयीं त्यावरून कांहींच ठरत नाहीं. तिसरा प्रश्न : 'एका गटाची प्रगति दुसऱ्याच्या प्रगतीहून वेगळी आहे काय?' हा फरकांतील फरक. शास्त्रज्ञ त्याला अन्योन्यक्रिया म्हणतात, कारण काळाचा परिणाम कोणत्या गटांत आहांत ह्यावर अवलंबून असतो. उपायाची खरी परीक्षा येथें होते.

हें इतकें साधें असतांहि भले भले चुकतात. 'उपायाच्या गटांत लक्षणीय सुधारणा झाली, तुलनेच्या गटांतील सुधारणा मात्र लक्षणीय नव्हती. म्हणून उपाय गुणकारी,' असें विधान वाचावयास मिळतें. तें तर्काला धरून दिसतें, पण तसें नाहीं. एक मुलगा ३५ गुणांनीं उत्तीर्ण झाला आणि दुसरा ३४ गुणांनीं नापास झाला, म्हणून त्यांच्या बुद्धींत आकाशपाताळाचें अंतर आहे असें आपण म्हणत नाहीं. दोन फरकांची तुलना थेट करावी लागते. २०११ सालीं नीवेनहाउस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं मेंदूशास्त्रावरील नामांकित नियतकालिकांतील ५१३ लेख तपासले. त्यांपैकीं १५७ लेखांत ही चूक होण्याजोगा प्रसंग होता. ७८ लेखकांनीं योग्य रीत वापरली आणि ७९ जणांनीं चूक केली. पंडितांची ही गत, तर जाहिराती रचणाऱ्यांना काय बोल लावावा?

वर मीं आठवून लिहिण्याचें उदाहरण घेतलें, तें उगाच नव्हे. रोडिगर आणि कार्पिकी ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं ह्याच विषयावर एक संमिश्र रचनेचा प्रयोग प्रसिद्ध केला. १२० विद्यार्थ्यांपैकीं प्रत्येकानें दोन उतारे अभ्यासले. एक पुन्हां वाचला, दुसरा न पाहतां आठवून लिहिला. ही तुलना एकाच माणसांत झाली. नंतर अंतिम परीक्षा कोणाची ५ मिनिटांनीं झाली, कोणाची दोन दिवसांनीं, कोणाची आठवड्यानें. हा घटक माणसामाणसांत वेगळा ठेवणें भाग होतें, कारण एकदां परीक्षा दिली कीं ती परीक्षाच उजळणी होऊन बसते. तोच विद्यार्थी आठवड्यानें पुन्हां कोरा मिळत नाहीं. पांच मिनिटांनीं पाहिलें तर पुन्हां वाचलेला उतारा शेंकडा ८१ लक्षांत होता, आठवून लिहिलेला ७५. वाचणें जिंकलें. आठवड्यानें पाहिलें तर वाचलेला ४२ वर घसरला होता, आठवून लिहिलेला ५६ वर टिकून होता. आठवणें जिंकलें. एकंदर सरासरीवर जो थांबला असता, त्याला हें रहस्य हातीं लागलें नसतें. ज्या घरांत परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडें ठेवून धडे घोटले जातात, त्या घरानें हे चार आंकडे भिंतीवर लावून ठेवावे. आपल्याकडे पाढे म्हणून घेणारे जुने पंतोजी पुस्तक मिटावयास लावीत, तें कांहीं अगदींच अडाणीपणाचें नव्हतें.

आतां आपल्या मुंबईंतील एक प्रयोग सांगतों. 'प्रथम' ह्या संस्थेनें मुंबई आणि बडोदें येथील महानगरपालिकांच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तींतलीच, बहुधा माध्यमिक शिक्षण झालेली एखादी तरुणी शाळेच्या वेळांतील सुमारें दोन तास, मागें पडलेल्या १५-२० मुलांना बाजूस घेऊन वाचन व अंकगणित शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन ह्यांनीं २००१ ते २००३ ह्या काळांत ह्या उपक्रमाची परीक्षा केली आणि २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ह्यांपैकीं पहिल्या दोघांना पुढें मायकेल क्रेमर ह्यांच्यासह २०१९ चें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्या प्रयोगाची मांडणी लक्षांत घेण्याजोगी आहे. बालसखी कोणत्या शाळेंत कोणत्या इयत्तेस द्यावयाची हें यदृच्छेनें ठरविलें. कांहीं शाळांत ती एका इयत्तेस मिळाली, कांहींत दुसऱ्या. त्यामुळें कोणतीहि शाळा सर्वस्वीं वंचित राहिली नाहीं, आणि प्रत्येक इयत्तेस तुलनेचा गटहि आपोआप लाभला. वर्षारंभीं परीक्षा, वर्षअखेर परीक्षा. त्यांनीं हिशेब ॲनोव्हाच्या कोष्टकानें न मांडतां समाश्रयणाच्या समीकरणांनीं मांडला, पण सांगाडा आपण पाहिला तोच : गट एका बाजूस, काळ दुसऱ्या, आणि उत्तर फरकांतील फरकांत. मुलांच्या गुणांचा जो सर्वसाधारण विस्तार असतो, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. बालसखीमुळें पहिल्या वर्षीं त्याच्या शेंकडा १४ आणि दुसऱ्या वर्षीं शेंकडा २८ इतका अधिक लाभ दिसला. हा लाभ मुख्यतः मागें पडलेल्या मुलांच्या पदरीं पडला. तीं मुलें बाहेर गेल्यावर मूळ वर्गांत गर्दी कमी झाली, पण तेथें राहिलेल्या मुलांना त्याचा म्हणण्यासारखा फायदा झाला नाहीं. उपक्रम सुटल्यानंतर एका वर्षानें पुन्हां पाहिलें, तेव्हां लाभ सुमारें शेंकडा १० वर आला होता. टिकला, पण सारा टिकला नाहीं. तिसरी परीक्षा घेतल्यावांचून हें कसें कळलें असतें?

ही पद्धत म्हणजे जादूची कांडी नव्हे; तिच्याहि अटी आहेत. पहिली अट चिठ्ठीची. कोणतें मूल कोणत्या गटांत जावें हें आईबापांच्या हौसेवर किंवा शिक्षकाच्या पसंतीवर सोडलें, तर हौशी घरांतील मुलें एका बाजूस गोळा होतात आणि मग फरक उपायाचा कीं घराचा, हें ब्रह्मदेवहि सांगूं शकत नाहीं. चिठ्ठी जर शाळेच्या किंवा वर्गाच्या नांवानें टाकली असेल, तर हिशेबहि त्या एककास धरूनच केला पाहिजे. एका वर्गांतील चाळीस मुलें म्हणजे चाळीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत.

दुसरी अट तीन किंवा अधिक वेळां परीक्षा घेतली असतां उद्भवते. कोणत्याहि दोन परीक्षांमधील फरकाचा पसारा सारखाच असावा, असें हा हिशेब गृहीत धरतो. प्रत्यक्षांत जवळजवळच्या परीक्षा एकमेकींसारख्या असतात आणि दूरच्या वेगळ्या पडतात. मग एफ् आपल्या लायकीपेक्षां अधिक रुबाबदार दिसूं लागतो. ही अट पाळली गेली कीं नाहीं, हें पाहण्याची कसोटी जॉन मॉक्ली ह्यांनीं १९४० सालीं दिली. 'एनिअॅक' ह्या प्रसिद्ध संगणकयंत्राचे एक जनक तेच. अट मोडली असतां एफ् चा रुबाब किती उतरवावा, हें ग्रीनहाउस आणि गायसर ह्यांनीं १९५९ सालीं सांगितलें.

तिसरी अडचण आमच्या औद्योगिक पट्ट्यांत नित्याची आहे. कंत्राट संपलें, घरभाडें वाढलें, कीं कुटुंब बिऱ्हाड हलवितें आणि मूल पटावरून नाहींसें होतें. एक जरी परीक्षा चुकली, तरी जुन्या रीतीचा हा हिशेब त्या मुलाला सबंध वगळतो. गळालेलीं मुलें उरलेल्यांसारखींच असतीं तर चाललें असतें; पण बहुधा अडचणींतलींच गळतात, आणि उरलेल्यांची सरासरी फुकट वर चढते. म्हणून अलीकडे संशोधक 'मिक्स्ड मॉडेल' नांवाची अधिक लवचिक रीत पसंत करतात. तींत हातीं असलेल्या परीक्षा उपयोगांत आणतां येतात. गळती मुळींच नव्हती असें मात्र तीहि भासवूं शकत नाहीं. किती जण गेले आणि कोणत्या गटांतून गेले, हें सांगावेंच लागतें.

आपण गृहस्थाश्रमी माणसें. आपणांस हीं कोष्टकें रोज मांडावयाचीं नाहींत, आणि आजकाल संगणक तीं क्षणांत मांडतो. आपण चार प्रश्न मात्र विचारूं शकतों. तुलनेचा गट होता काय? मुलें गटांत चिठ्ठीनें वांटलीं होतीं काय? जीं मधेंच सोडून गेलीं, त्यांचें काय झालें? आणि वर्ग संपल्यावर कांहीं महिन्यांनीं पुन्हां परीक्षा घेतली होती काय? चारांपैकीं एकाचेंहि उत्तर नसेल, तर ती फी आपण ज्ञानाबद्दल भरतों आहोंत कीं आशेबद्दल, हें आपल्या मनाशीं ठरवावें. त्याच पैशांत घरांत पुस्तकें येतील, आणि रोज संध्याकाळीं अर्धा तास पुस्तक मिटून मुलाला 'आज काय वाचलेंस तें सांग' असें विचारण्यास तर दमडीहि लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगतों. आपल्या उदाहरणांत पहिल्या गटाची वाढ सहा गुणांची होती. त्यांपैकीं तीन गुण दुसऱ्या गटांतील मुलांनीं नव्या युक्तीवांचूनच मिळविले होते. आम्ही शिक्षक, क्लास चालविणारे, औषधें विकणारे, सर्वच जण मुलाच्या वाढीचे पुरते सहा गुण आपल्या खात्यावर लिहूं पाहतों. संमिश्र रचनेची वही तसें करूं देत नाहीं. ती तीन गुण मुलाच्या वयाला, शाळेला आणि सरावाला देते, आणि उरलेल्या तिनांबद्दलच उपायास पावती फाडते. ही पावती लहान असते, परंतु खरी असते.